परसातलं हेळसांड झालेलं झाड जगवायचंय, पण शेजारी म्हणतात गांजा आहे!

संगमाकाठी | ११ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ हरिपूरला आमच्या मामांचं जुनं घर आहे. मामा-मामी लेकाकडे पुण्याला गेल्यापासून ते बंदच. गणपतीसाठी घर उघडलं, तर परसात न्हाणीच्या मागं छातीएवढं एक झाड उगवलेलं. उभं म्हणवत नाही, अर्धं आडवंच झालंय. खालची पानं सगळी झडलीत, मधली पिवळी, आणि शेंड्याला पानांचा आवळून गोळा झालाय. त्यात पांढरं कापसासारखं काहीतरी आहे. खोडावर मुंग्यांची रांग. बुडाशी पुराच्या गाळाची करडी खपली, वाळून तडकलेली.

शेजारचे अण्णा कुंपणावरून बघून गेले आणि म्हणाले, "आरं ह्यो गांजा हाय. आजच उपट, न्हायतर पोलीस यायचं दारात." पानं खरंच तशी आहेत, पाच बोटांची, कडेला करवतीचे दाते. मामीला फोन केला तर ती म्हणते, मी तिथं फक्त गवती चहा लावलेला.

माझे प्रश्न दोनच. हे आहे काय? आणि गांजा नसेल तर एवढ्या हालात तग धरलेलं झाड परत धरेल का? उपटायला जीव होत नाही. फोटो चार जोडलेत, मोबाईल जुना आहे, गोड मानून घ्या.

उसाचा_फड | ११ सप्टेंबर, रात्री ९:५२

लगा, मामा पुण्याला का गेले ते आता कळलं 😄

चावडी_व्यवस्थापक | ११ सप्टेंबर, रात्री १०:१५

आधीच सांगून ठेवतो. झाड ओळखायला मदत करणं, कायद्याची माहिती देणं चालेल. गांजा कसा वाढवावा, यावर इथे एक ओळही राहणार नाही. विनोद एक झाला, पुरे.

कोर्टकचेरी_कराड | ११ सप्टेंबर, रात्री १०:४८

संगमाकाठी, घाबरू नका, पण हयगयही करू नका. एनडीपीएस म्हणजे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. त्याच्या कलम ८ मध्ये कॅनाबिसच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या, कुठल्याही झाडाची लागवड करायला बंदी आहे. परवाना असेल तर गोष्ट वेगळी. 'मी ओढत नाही', 'नुसती पानं आहेत', 'नर झाड आहे' हे बचाव लागवडीच्या बाबतीत कामाचे नाहीत, कारण व्याख्येत कॅनाबिस प्रजातीतलं कोणतंही झाड येतं. कलम २० प्रमाणे लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक झाड की एकर, हा प्रश्न गुन्हा घडला की नाही हे ठरवताना येत नाही.

कलम ४६ मात्र फार जणांना ठाऊक नसतं. आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं आहे हे कळल्यावर जमीनधारकानं ताबडतोब कळवायचं असतं. जाणूनबुजून कळवलं नाही तर त्यालाही शिक्षा आहे. उसात, हळदीत कुणीतरी आत चार सऱ्या लावून जातो आणि सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या घरी फौजदार जातो, ते यामुळेच.

आपोआप उगवलेलं झाड आणि लावलेलं झाड यांत फरक आहे. नुसतं जमिनीत झाड सापडलं म्हणजे लागवड सिद्ध झाली असं नाही. सुप्रीम कोर्टाचा २००४ चा निकाल आहे, त्यात झाडं रानटीही उगवलेली असू शकतात म्हणून आरोपी सुटला. पण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन सुटण्यात काय सुख आहे?

तेव्हा आधी ओळख पटवा. गांजा निघाला तर उपटून, पोत्यात भरून कुठे नेऊ नका, जाळू नका. जागेवर तसंच ठेवून पोलीस ठाण्यात कळवा. दुसरं काही निघालं तर अण्णांना चहाला बोलवा.

हर्बेरियम | १२ सप्टेंबर, सकाळी ७:२०

फोटो पाहिले. तिसरा सोडून सगळे हलले आहेत, त्यामुळे अंदाज आहे पण छातीठोक सांगणार नाही. एकेक गोष्ट नीट बघून लिहा.

पान देठापाशी धरा. गांजाचं पान संयुक्त असतं, म्हणजे प्रत्येक पर्णिका (बोट) थेट देठाच्या टोकापर्यंत सुटी असते. एक पर्णिका ओढली तर ती एकटी निघून येते. नक्कल करणाऱ्या बऱ्याच झाडांत पान एकच असतं, फक्त खोलवर चिरलेलं, आणि बोटं बुडाशी एकमेकांना जोडलेली राहतात.

मग वरची पानं आणि खालची पानं शेजारी ठेवून बघा. खालची झडलीत म्हणालात, पण जमिनीवर पडलेली असतील. खोडावर पानांच्या खुणा आहेत का? गांजाला खालच्या भागात पानं समोरासमोर येतात, वर जाता जाता एकाआड एक होतात.

खोडावर बोट अलगद फिरवा. खरखरीत बारीक काटे लागतात का? आणि पान उलटं करून मधल्या शिरेवर देठाजवळ एखादी बारीक गाठ, ग्रंथी दिसते का ते बघा. भिंग नसलं तर मोबाईलचा कॅमेरा जवळ न्या.

वास घ्या, चव नको. ओळख पटेपर्यंत कुठल्याही झाडाचं पान तोंडात घालायचं नाही.

गलाईवाला_विटा | १२ सप्टेंबर, सकाळी ८:०५

मी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळं डेहराडूनला असतो. इकडं भांग रस्त्याच्या कडेनं गाजरगवतासारखी उगवते, कुणी ढुंकून बघत नाही. कुमाऊंकडची माणसं तिच्या बियांची चटणी करून खातात, चांगली लागते. नुसतं जवळून गेलं तरी वास येतो. तुमच्या परसात वास येत नसेल तर ती भांग नव्हं, माझ्याकडनं लिहून घ्या.

उसाचा_फड | १२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

गलाईदादा, तिकडं सरकारच लायसन देतंय म्हणे? मग आपल्याकडं का नको? उसाचं बिल यायला वर्ष लागतं.

गलाईवाला_विटा | १२ सप्टेंबर, सकाळी ८:४४

देतंय, पण ते धाग्यासाठी आणि बियांसाठी. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत लागतं, त्यावर गेलं की पीक नष्ट. डोंगरात रानडुकरं बाकीचं काही ठेवत नाहीत म्हणून लोक तिकडं वळले. आपल्याकडच्या उसाला पर्याय बिर्याय काही नाही त्यात.

चावडी_व्यवस्थापक | १२ सप्टेंबर, सकाळी ९:००

इथेच थांबवूया. उसाच्या बिलाचा वेगळा धागा आहे, तिथे जागा भरपूर आहे.

संगमाकाठी | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३५

हर्बेरियमताई, सांगितल्याप्रमाणे सगळं बघितलं.

पान ओढलं तर बोट सुटं झालं नाही, फाटलं. बुडाशी सगळी जोडलेली आहेत. शेंड्याजवळची काही पानं तर चिरलेलीच नाहीत, साधी भाल्यासारखी लांबट. खोडावरच्या खुणा एकाआड एक, अगदी खालपर्यंत. खोड तांबूस आहे आणि बोट फिरवलं तर बारीक बारीक काटे टोचले, कूस लागल्यासारखे. वास म्हणाल तर ओल्या गवताचा, बाकी काही नाही. शिरेवरची गाठ दिसली! मोहरीहून बारीक, आणि गंमत म्हणजे एक मुंगी तिथंच तोंड लावून बसलेली.

कोयनेचा_वारा | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१०

तिळवण असेल का? आमच्याकडे पाटणला बांधावर असते, तिचीही पाच पानं.

हर्बेरियम | १२ सप्टेंबर, रात्री ८:०२

तिळवण नाही. तिच्या पर्णिका सुट्या असतात, कडा दातेरी नसतात, पिवळी तिळवण तर हाताला चिकटते आणि वासही उग्र. शोभेची मोठी तिळवण गांजा म्हणून बऱ्याचदा पकडली जाते, हे खरं. निगडीवरही लोक संशय घेतात, पण तिची पानं समोरासमोर आणि खालून राखाडी.

संगमाकाठी, तुमचं वर्णन अंबाडीचं आहे. जोडलेली बोटं, एकाआड एक पानं, खोडावर काटे, वर साधी पानं, मधल्या शिरेवर मधाची ग्रंथी. जास्वंदीच्या, भेंडीच्या घराण्यातलं झाड. शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे पानावरून फसणारे तुमचे अण्णा पहिले नव्हेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१४ साली पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून एका निवृत्त माणसाच्या परसात गांजा पाहिला म्हणून त्याच्या दारात धडक मारली होती, आणि निघाली भेंडी.

शंभर टक्के खात्री फुलानं होईल. अंबाडीचं फूल पिवळसर, पाच पाकळ्यांचं आणि पोटात गडद किरमिजी. गांजाला पाकळ्या नसतातच. दोन्ही झाडं दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतात, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत निकाल लागेल.

दहिवडीची_मावशी | १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

अगं बाई, अंबाडीच ती! तिसऱ्या फोटोत मी काल रात्रीच ओळखली होती, पण इथं शिकलेली माणसं बोलत होती म्हणून गप्प बसले.

आमच्या माणदेशात ज्वारीच्या रानात कडेनं आणि मधल्या पाट्यात अंबाडी असायचीच. तिची कोवळी पानं भाजीला, बोंडातलं बी चटणीला, आणि खोडाचा वाख, म्हणजे दोरासाठीचा धागा. दिवाळीनंतर काठ्या कापून पेंढ्या बांधायच्या, ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. चांगल्या कुजल्या की साल सोलायची. तो वास आठवला तरी अजून नाक मुरडतं, पण त्याच वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं वर्षभर टिकायची. नायलॉन आला आणि सगळं गेलं. आता आमच्या गावात अंबाडी भाजीवालीकडे जुडी मिळते तेवढीच.

पानाची भाजी कशी करायची ते सांगते, झाड जगवायचं काय ते तुमचं तुम्ही बघा. पानं निवडून उकडायची, पाणी टाकून द्यायचं, नाहीतर दात आंबतात. तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या, थोडे शेंगदाणे घालून शिजवायची, घोटायची. वरून लसणाची खमंग फोडणी, तेलाला हात आखडायचा नाही. ज्वारीची भाकरी.

मणेराजुरी_बागायत | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

भाजीचं नंतर. त्या शेंड्यातल्या पांढऱ्या कापसाबद्दल कुणीच बोललं नाही.

तो पिठ्या ढेकूण आहे. शेंडा आवळून गोळा होणं, पानं वळणं ही त्याचीच खूण. जास्वंद आणि अंबाडी त्याची माहेरघरं, आणि हाच ढेकूण आमच्या द्राक्षबागेत घडात जाऊन बसतो. घडावर चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, माल निर्यातीला तर सोडाच, बेदाण्यालाही कुणी घेत नाही. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की आम्ही खोडाची साल सोलून त्याला शोधत बसतो. आणि तुम्ही त्याला परसात पाळताय.

माझं मत विचाराल तर उपटा आणि जाळा. एका अंबाडीसाठी कुणाच्या बागेला धोका नको.

संगमाकाठी | १२ सप्टेंबर, रात्री ९:५८

दादा, आमच्या आसपास द्राक्षं नाहीत, सगळी हळद आणि ऊस. जरा दया करा झाडावर.

मणेराजुरी_बागायत | १२ सप्टेंबर, रात्री १०:२०

बरं, बाग जवळ नाही तर मग ऐका.

मुंग्या आधी तोडा. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, त्यासाठी मुंग्या त्याला राखतात, या फांदीवरून त्या फांदीवर नेतात आणि त्याला खाणारे किडे हुसकावून लावतात. खोडाभोवती चिंधी बांधून तिला ग्रीस लावा, खोडाला थेट नको. झाड कलंडलंय म्हणालात, मग पानं कुठं भिंतीला किंवा कुंपणाला टेकत असतील तर तिथून पूल होतो, तेही तोडा.

आवळलेला शेंडा गोळ्याच्या खाली वीतभर कापा. कापताना खाली प्लास्टिकची पिशवी धरा, गोळा थेट पिशवीत पडू दे. झटकला की पिल्लं वाऱ्यानं उडतात. पिशवी गाठ मारून दोन दिवस पत्र्यावर उन्हात टाका, मग जाळा.

खाली उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. पानं खायची आहेत म्हणून दुकानातलं औषध मी सांगणार नाही. हवा दमट आहे तोवर व्हर्टिसिलियम लेकॅनीची पावडर संध्याकाळी मारली तर ती बुरशी ढेकणाला धरते. कोरड्या उन्हात तिचा उपयोग नाही.

आणि एक बघा. पांढऱ्या ढेकणांत एखादा मोठा, लांब मेणचट झालर असलेला आणि भराभर पळणारा किडा दिसला तर मारू नका. तो क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी, दिसतो ढेकणासारखाच पण ढेकूण खातो. ढेकूण इतक्या जोरानं पळत नाही. आम्ही ते भुंगेरे विकत आणून बागेत सोडतो आणि शहाणी माणसं त्यांनाच चिरडतात.

हर्बेरियम | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

बागायतदादांच्या सगळ्याला दुजोरा. मुंग्या पानाच्या ग्रंथीतल्या मधासाठीही येतात, त्यामुळे ढेकूण गेल्यावर थोड्या दिसल्या तरी घाबरू नका.

आता बुडाकडे. गाळाची खपली फोडायलाच हवी. कृष्णेचा गाळ बारीक असतो, वाळला की वर सिमेंटसारखा बसतो आणि खाली मुळाला हवा जात नाही. खुरप्यानं दोन बोटं खोलच हलवा, त्याहून आत नको, वरची मुळं तुटतील. खोडाशी गाळ चढून बसला असेल तर तो बाजूला ओढून आधीची पातळी उघडी करा. खपलीवर पांढरी मिठासारखी पूड दिसते का तेही बघा. नदीकाठची बरीच जमीन क्षारपड झाली आहे, आणि तसं असेल तर पिवळेपणाचं कारण वेगळं, उपायही वेगळा.

पाणी सकाळी, बेतानं. पानं पिवळी दिसली की आपल्याकडे पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो, तो जाऊ देऊ नका. मूळ दमलेलं असताना खत दिलं तर मूळ जळतं, आणि कोवळी लुसलुशीत फूट आली की ढेकणाला मेजवानी. कुजलेलं शेणखत ओंजळभर, पुरे.

काठी रोवून झाड एकदम सरळ करायला जाऊ नका. अंबाडीच्या खोडाची साल चिवट, आतला गाभा ठिसूळ. दररोज थोडं थोडं ओढा, सुतळी सैल ठेवा.

उसाचा_फड | १३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

एवढं सगळं करायचं एका अंबाडीसाठी? बाजारात जुडी दहा रुपयाला मिळते.

कोर्टकचेरी_कराड | १३ सप्टेंबर, सकाळी १०:१२

मिळते की. मग तुमच्या दारातली तुळस का जपता?

संगमाकाठी | १५ सप्टेंबर, रात्री ८:५०

केलं. शेंडा पिशवीत पडला. गोळा उघडून बघायचा मोह झाला म्हणून पिशवीच्या आतच जरा चाचपला. पानांच्या घडीघडीत गुलाबी अंगाचे, पीठ लावल्यासारखे किडे ठासून भरलेले, आणि त्यांच्याखाली चिकट चिकट. झालर असलेला पळणारा एकही दिसला नाही.

गाळाखाली खोड बोटभर गाडलं गेलं होतं. पांढरी पूड नाही. मामी म्हणते, जुलैमध्ये नदी परसापर्यंत येऊन गेली, आत नाही आली.

एक शंका. खाली दोन बगलफुटी निघाल्यात, बोटाएवढ्या. त्या ठेवू की एकच ठेवू?

हर्बेरियम | १५ सप्टेंबर, रात्री ९:२०

दोन्ही ठेवा. पण अपेक्षा किती ठेवायची ते आताच सांगते.

अंबाडी वर्षायू झाड. पेरणी मृगाच्या आसपास, दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली आला की फुलावर, मग बोंडं, मग वाळणं. तुम्ही तिला सप्टेंबरच्या मध्याला हात घातलाय. आपल्याकडे या दिवसांत दिवस सव्वाबारा तासांचा असतो. म्हणजे तिला जे वाढायचं ते वाढून झालंय. आता किती लाड केलेत तरी ती पुरुषभर वाढणार नाही. खालची पानं गळणं यात सगळाच दोष हेळसांडीचा नाही, वय झालं की ती गळतातच. बगलफुटी फुटभर वाढतील, फुलतील, आणि डिसेंबरात झाड जाईल. मी ते 'वाचलं नाही' असं धरणार नाही.

तुमचं काम आता बी पक्व होईपर्यंत तिला उभं ठेवणं. पुढचं झाड त्या बियातून.

दहिवडीची_मावशी | १५ सप्टेंबर, रात्री ९:४१

मी तर म्हणते शेंडा कापायलाच नको होता. पहिलं बोंड शेंड्याकडच्या दांड्यावर धरतं, ते भरदार. आता बगलेतली बोंडं बारकी येणार.

मणेराजुरी_बागायत | १५ सप्टेंबर, रात्री ९:५५

मावशी, त्या शेंड्यात बोंड धरलं असतं तर ढेकणानं धरलं असतं.

दहिवडीची_मावशी | १५ सप्टेंबर, रात्री १०:०२

बरं बाबा. तुझीच बाग, तुझाच ढेकूण.

संगमाकाठी | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

फूल आलं!!

रविवारी सकाळी चहा घेऊन परसात गेलो तर वरच्या बगलफुटीवर उघडलेलं. फिकट पिवळं, जवळजवळ सायीच्या रंगाचं, आणि आत गडद किरमिजी डोळा. दुपारी बारानंतर बघितलं तर मिटून चुरगळलेलं. फोटो लगेच काढला म्हणून बरं. आतापर्यंत अशी तीन झाली.

अण्णांना बोलावून दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "भेंडीचं फूल हाय की रं ह्ये." मग म्हणाले, "पानं मात्र गांजाचीच." त्यांच्या समाधानासाठी मी वाद घातला नाही.

कोर्टकचेरी_कराड | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

फोटो तारखेसकट जपून ठेवा. उद्या कुणी कुणाचे कान भरले तर दाखवायला बरा.

हर्बेरियम | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३२

अभिनंदन. फुलाबाहेरचा पेला मांसल आणि लाल नाही ना? तसा असता तर ती सरबताची लाल अंबाडी. ही वाखाची, देशी.

बोंडं हिरवी असताना हात लावू नका. वाळून तपकिरी झाली की काढा, आणि हातमोजे घालून काढा. बोंडावर बारीक टोचरे केस असतात, ते बोटात शिरले की दिवसभर खाज. बी करड्या रंगाचं, तिरकं, कोपरे असलेलं. तेलकट बी आहे, दमट जागी ठेवलं की उगवण पार खाली येते. चांगलं उन्हात वाळवून, राखेत मिसळून घट्ट डब्यात. जूनपर्यंतच वापरा, दोन-तीन वर्षं साठवायच्या भानगडीत पडू नका.

उसाचा_फड | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

भाजी केली का नाही अजून?

संगमाकाठी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

केली. शेंड्याकडची पानं ठेवून खालची कोवळी घेतली, निंबोळी मारून बरेच दिवस झाले होते तरी तीन पाण्यांनी धुतली. मावशीच्या कृतीनं. कण्या नव्हत्या, मिक्सरला तांदूळ फिरवला. बायकोनं पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्या घासाला भाकरी मागितली. अण्णांकडे वाटी दिली तर काकू म्हणाल्या, "ह्यांनी खाल्ली, पण आधी मला खायला लावली."

दहिवडीची_मावशी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मिक्सरचा तांदूळ! असू दे.

संगमाकाठी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

बोंडं वाळली. ताईंनी सांगूनही पहिलं बोंड उघड्या हातानं काढलं, त्याची फळं भोगली. बी मूठभर निघालं. झाड आता नुसती काठी आहे. ढेकूण परत दिसला नाही, पण न्हाणीशेजारच्या जास्वंदीवर एका फांदीला तसाच गोळा आहे.

बी कुणाला हवं आहे का? आणि काठी काय करू, कुजवून वाख निघेल का एकाच काठीचा?

मणेराजुरी_बागायत | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:४८

जास्वंदीचा गोळा आज काप. पिशवीत. बी मला नको, काठीही तिथंच जाळ.

दहिवडीची_मावशी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मला हवं. निम्मं पाठव, पत्ता निरोपात कळवते. पेरायचं मृगात, ज्वारीच्या कडेनं. आणि काठी जाळू नकोस रे, बादलीत दगडाखाली दाबून ठेव, रोज पाणी बदलू नकोस. साल सुटायला लागली की सांग. एका काठीचा वाख सुतळीएवढा निघेल, गवती चहाची पेंढी बांधायला पुरे.

संगमाकाठी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३५

बादली न्हाणीत ठेवली आहे. बायको विचारते वास किती दिवस येईल?

दहिवडीची_मावशी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:४२

पंधरवडा तरी. थंडी आहे, जास्तच धर. तिला माहेरी पाठव.